धाकटीचा डावा डोळा

बुबुळताईंना खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं आता तीन-चारच उरली होती, आणि त्यातल्या दोघांना धड ऐकू येत नव्हतं. बाकी सगळ्यांच्या तोंडी बुबुळताई. सव्वीस वर्षं त्या एकाच खुर्चीत, उत्तरेकडच्या एकाच खिडकीपाशी बसून खोट्या डोळ्यांची बुबुळं रंगवत आल्या होत्या. अपघातात किंवा आजारात डोळा गेलेली माणसं डॉक्टरांकडे यायची. डॉक्टर खोबणीचं माप घ्यायचे, मागच्या खोलीत पांढऱ्या प्लॅस्टिकचा डोळा ओतला जायचा, त्यावर शिरा दिसाव्यात म्हणून लाल रेशमाचे तंतू चिकटवले जायचे, आणि मधली चकती तेवढी बुबुळताईंच्या पुढ्यात यायची. करंगळीच्या नखाएवढी चकती. तिच्यावर रंग, रंगावर पारदर्शक प्लॅस्टिकची टोपी, आणि मग तो डोळा माणसाच्या चेहऱ्यात.

येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे डोळे काळे नाहीतर गडद तपकिरी असत. तसलं बुबुळ बुबुळताई दीड तासात हातावेगळं करत. भुकटीचे रंग चिकट रोगणात कालवायचे आणि थरावर थर द्यायचा. चुकलं तर वरून दुसरा थर, की चूक गाडली गेली. "आमच्या बाई डोळे मिटून डोळा रंगवतात," असं डॉक्टर म्हणायचे, आणि हा विनोद ते प्रत्येक पेशंटपुढे नव्याने करायचे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना बुबुळताईंच्या वाट्याला जाऊ आली.

जाऊ म्हणजे धाकट्या दिराची बायको. ती त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची. घरात सगळे तिला धाकटी म्हणत, पण शाळेत ती पहिलीची बाई होती आणि तिथं तिच्यापुढे मुख्याध्यापिकासुद्धा जपून बोलत. धाकटीचे डोळे घारे. आपले डोळे घारे आहेत हे तिला पुरेपूर माहीत होतं, आणि ज्यांना माहीत नसेल त्यांना कळेल याची ती काळजी घ्यायची. चाळीस पोरांचा वर्ग ती नुसत्या नजरेवर चालवायची. छडी नाही की ओरडणं नाही. मान वळवून एकदा बघितलं की मागच्या बाकावरची कुजबुज बंद.

दोघी जावा गेली अकरा वर्षं एकमेकींना पाण्यात पाहत होत्या. कारण एवढंसंच होतं. नातेवाइकांच्या घोळक्यात धाकटी एकदा म्हणाली होती, "आमच्या ताईंचं बरं आहे, त्यांचं पोट खोट्यावरच चालतं." लोक हसले होते. बुबुळताईही हसल्या होत्या, पण त्या हसण्याचा हिशेब त्यांनी मनात ठेवला होता. तेव्हापासून जिन्यात भेटल्या तर, "जेवण झालं का?" "झालं. तुमचं?" एवढ्यावर भागत होतं.

मग स्कूटरच्या मागे पेटी बांधताना रबरी पट्ट्याचा लोखंडी आकडा सुटला आणि धाकटीच्या डाव्या डोळ्यात बसला. डोळा वाचला नाही.

जखम भरल्यावर तिला डोळा करून द्यायचं काम कुणाकडे येणार होतं ते उघडच होतं. बुबुळताईंनी पहिला डोळा केला. धाकटीने आरशात बघितलं आणि म्हणाली, "बटण." दुसरा केला. "चकचकीत बटण." तिसऱ्याला बुबुळताईंनी चार दिवस घातले. त्यावर ती काहीच बोलली नाही. काळा चष्मा चढवला आणि खाली मान घालून निघून गेली. ते बुबुळताईंना बटणापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात तिने बुबुळताईंना थांबवलं.

"ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही तरी काय करणार."

"मी काय करणार म्हणजे?"

"मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, ऑफिसात बसा, रजिस्टरं लिहा. मी म्हटलं, त्यापेक्षा घरी बसेन. माझ्याशी बोलताना लोक कपाळाकडे बघतात हो. नाहीतर कानाकडे. कुठल्या डोळ्यात बघावं ते कुणालाच कळत नाही. मोठ्यांचं असं, मग सहा वर्षांची पोरं काय करतील? शाळा उघडेल त्या दिवशी राजीनामा देणार आहे."

"शाळा कधी उघडते?"

"सहा आठवड्यांनी."

"मग सहा आठवडे राजीनाम्याचं नाव काढायचं नाही," बुबुळताई म्हणाल्या. इतक्या जोरात म्हणाल्या की तळमजल्यावरच्यांनी दार उघडून बघितलं.

प्रेमाचा उमाळा होता असं कुणी समजू नये. धाकटीची कीव आली होती, हे खरं. पण सव्वीस वर्षांच्या हाताला कुणी तीनदा बटण म्हटलं होतं, आणि तेही बरोबर म्हटलं होतं, हे त्याहून खरं. बुबुळताई हट्टाला पेटल्या.

काळ्या डोळ्याला रंग पुरतो, घाऱ्याला पुरत नाही, हे त्यांना कळत होतं. घाऱ्या डोळ्यात उजेड आत जातो आणि आतून परत येतो. रोगणाचा रंग उजेडाला दारातूनच परत पाठवतो. म्हणून बटण. पण यावर उपाय काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. तो रंगांच्या दुकानात सापडला, तोही भुकटी आणायला गेल्या असताना. गल्ल्यावरच्या आजोबांनी गिऱ्हाइकाला दाखवायला कागदाच्या पट्टीवर पाण्याच्या रंगाचा तपकिरी हात मारला होता. पट्टी वाळत पडली होती. बुबुळताईंनी ती उचलून उजेडात धरली. रंग कागदाला झाकत नव्हता. खालचा पांढरा कागद रंगातून वर उजळत होता.

"आजोबा, हे रंग मला हवेत."

"नातवंडांसाठी?"

"जावेसाठी."

आजोबांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही.

डॉक्टरांनी मात्र विचारलं. "पाण्याचे रंग? अहो, ते शाळेतली पोरं वापरतात."

"मी शाळेतल्या बाईसाठीच वापरणार आहे."

"वरून प्लॅस्टिक येणार, ते उकळणार, आणि नंतर वर्षानुवर्षं ऊन लागणार. टिकतील का?"

"बघते टिकतात का."

"बघा. पण प्रयोग घरच्याच माणसावर करा, बाहेरच्यावर नको," असं म्हणून डॉक्टर स्वतःच हसले. परवानगी मिळाली असं बुबुळताईंनी धरून टाकलं.

त्यांनी रंगाच्या पट्ट्या काढल्या, प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला आणि गच्चीवर उन्हात खिळवून ठेवल्या. एक सुंदर तांबूस रंग पंधरा दिवसांत उडाला. तो बाद केला. रंगवलेल्या चकत्या प्लॅस्टिकमध्ये बंद करून उकळल्या. त्या टिकल्या. चकती आता कागदाची कापायची, तेव्हा कागदही असाच पारखावा लागला. चित्रकलेच्या वहीच्या कागदावर रेष फुटायची, खडबडीत कागदावर रंग खड्ड्यांत साचायचा. शेवटी आजोबांनी कपाटाच्या तळातून कापसाच्या लगद्याचा, दाबून गुळगुळीत केलेला कागद काढून दिला. त्यावर रंग शहाण्यासारखा वागू लागला.

रोज सकाळी सहा ते आठ स्वयंपाकघरातली खिडकी बुबुळताईंची. ओट्यावर बशा, बशांत रंग, दोन भांड्यांत पाणी, त्यांतलं एक स्वच्छ आणि एक खराब. त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होते. सकाळी डबा घेऊन निघताना ते एवढंच म्हणाले, "घरात एक बशी आमच्यासाठी ठेवा, म्हणजे झालं." पण संध्याकाळी येताना लिफ्टच्या दाराच्या जुन्या स्प्रिंगचा एक नाजूक चिमटा करून घेऊन आले. चकती त्यात घट्ट बसायची आणि बोट न लावता फिरवता यायची. बुबुळताईंनी तोंडाने काही कौतुक केलं नाही, पण दुसऱ्या दिवशी डब्यात त्यांच्या आवडीची भाजी होती.

हाताला मात्र सगळं उलटं शिकावं लागत होतं. रोगणात आधी गडद आणि वरून उजळ रंग चालायचा. इथं आधी उजळ, मग गडद, आणि जे पांढरं हवं ते पहिल्यापासून राखून ठेवायचं. चूक गाडायची सोय नव्हती. गाडायला गेलं की चिखल व्हायचा. बुबुळातल्या किरणांसारख्या रेषांसाठी त्यांनी बारीकातला बारीक कुंचला घेतला, त्यातलेही केस उपटून तीन केस ठेवले. रेष काही येईना. चकतीपर्यंत पोचेपर्यंत तीन केस कोरडेठाक.

त्या कुंचला घेऊन दुकानात गेल्या. आजोबांनी त्याकडे बघून जीभ चावली.

"अहो बाई, याला टकलू केलंत की. बारीक रेषेला बारीक कुंचला लागतो, असं कुणी सांगितलं? जाडा घ्या, पण टोकदार. त्याच्या पोटात पाणी राहतं. पोट भरलेलं असेल तर टोक नीट काम करतं. माणसाचं तसंच कुंचल्याचं."

त्यांनी करंगळीएवढा जाड कुंचला पाण्यात बुडवला, झटकला, आणि त्याच्या टोकाने पावतीमागे केसासारखी रेष ओढून दाखवली. बुबुळताई तोच कुंचला घेऊन घरी आल्या.

तिसऱ्या आठवड्यात पहिली मनासारखी चकती झाली. नऊ पातळ थर, प्रत्येक थर वाळल्यावर पुढचा. त्या ती वर्कशॉपमध्ये घेऊन गेल्या, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली, आणि सव्वीस वर्षं जे केलं तेच त्यांच्या हाताने केलं. प्लॅस्टिकखाली रंग कसा दिसेल हे बघायला या धंद्यात चकतीवर पाण्याचा एक थेंब टाकतात आणि वर पारदर्शक टोपी ठेवतात. रोगणाला पाण्याने काही होत नाही. बुबुळताईंनी ड्रॉपर उचलला, थेंब टाकला, टोपी ठेवली.

टोपीखाली नऊ थर सुटले. मधाचा रंग तपकिरीत गेला, तपकिरी राखाडीत, आणि बघता बघता सगळं एक होऊन चकतीच्या कडेवरून टेबलावर उतरलं.

डॉक्टर खाकरले. "असं होतं कधी कधी," ते म्हणाले. असं कधीच कुणाचं झालेलं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. पाण्याच्या रंगावर पाणी टाकणारी बाई त्यांच्या पुढ्यात बसली होती. तीन आठवड्यांचं सगळं मुसळ केरात.

बुबुळताईंना रडू आलं नाही, राग आला. आणि राग आला की त्यांच्या कामाला दुप्पट जोर चढायचा. थेंब टाकून बघता येत नाही, तर न बघता कळायला हवं, असं त्यांनी ठरवलं. पाण्याचा रंग वाळला की फिका पडतो आणि प्लॅस्टिकखाली गेला की पुन्हा ओल्यासारखा गडद होतो. किती फिका, किती गडद? त्यांनी शहाण्णव चकत्या रंगवल्या. प्रत्येक रंग चार ताकदींचा, आणि प्रत्येकाची एक चकती उघडी, एक प्लॅस्टिकमध्ये बंद. त्या जोडीने पुठ्ठ्यावर चिकटवल्या आणि पुठ्ठा खिडकीशेजारी टांगला. येता-जाता त्या पुठ्ठ्याकडे बघत आणि पुटपुटत राहत. पाढे पाठ करणाऱ्या पोरीसारखं त्यांनी ते सगळं पाठ केलं.

रंगवायचं तर समोर जिवंत डोळा हवा. म्हणून रोज सकाळी नऊला धाकटी खाली यायची. खिडकीत दोन खुर्च्या, समोरासमोर, मध्ये वीतभर अंतर. ती चष्मा काढायची आणि बुबुळताई भिंग घेऊन तिच्या उजव्या डोळ्यात बघायच्या. अकरा वर्षं ज्या दोघींनी एकमेकींच्या डोळ्याला डोळा भिडवला नव्हता, त्या आता रोज तासभर तेच करत होत्या.

"हलू नकोस."

"श्वास तरी घेऊ ना?"

"हळू घे."

पहिले काही दिवस एवढंच. मग हळूहळू बोलणं वाढलं. शाळेतल्या पोरांचं, दिराच्या घोरण्याचं, सासूबाई असताना दोघींनी वाटून घेतलेल्या कामांचं. तो घारा डोळा बुबुळताईंना मानावा लागला. बाहेरची कड पाटीच्या रंगाची, ती आत येता येता हिरवट होणारी, मग मधाचा पट्टा, आणि बाहुलीभोवती तांबूस तपकिरी झालर. इतका देखणा डोळा आपण कधी धड बघितलाच नाही, याचं त्यांना वाईट वाटलं. आणि त्याच्या जोडीचा गेला, याचं त्यांना आता पहिल्यांदा खरोखर दुःख झालं.

एकदा धाकटी म्हणाली, "ताई, मी तेव्हा खोट्यावर पोट चालतं म्हणाले होते ना, ते..."

"आत्ता बोलू नकोस. डोळ्यात पाणी आलं की रंग बदलतो."

"मग काम झाल्यावर बोलू?"

"काम झाल्यावर बघू."

चौथा डोळा तयार झाला तेव्हा शाळा उघडायला दहा दिवस होते. खिडकीत बसवून बघितला आणि डॉक्टरांनी चक्क टाळी वाजवली. दोन्ही डोळे सारखे. धाकटी आरसा खाली ठेवेना. बुबुळताई त्या दिवशी गुणगुणत घरी आल्या.

दुपारी त्या कचरा टाकायला बाहेर पडल्या आणि वरून धाकटी जिना उतरत आली. जिन्यात उजेड कमी. बुबुळताईंनी मान वर केली आणि त्या दचकल्या. धाकटीच्या उजव्या डोळ्यातली काळी बाहुली मोठी झाली होती. डाव्यातली होती तेवढीच, टाचणीच्या डोक्याएवढी. एक डोळा साधा आणि दुसरा भूत बघितल्यासारखा.

"काय झालं?" धाकटीने विचारलं. मग तिला कळलं. तिने हातातला चष्मा घातला. "राहू द्या ताई. तुम्ही खूप केलंत."

"तू गप्प बस. चूक माझी आहे, मला बघू दे."

चूक त्यांचीच होती. सव्वीस वर्षं खिडकीच्या भरपूर उजेडात बसून रंगवलं. काळ्या डोळ्यात बाहुली लहान काय, मोठी काय, काळ्यात काळं कुणाला दिसतं? त्यामुळे बाहुली केवढी काढायची, असा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. घाऱ्या डोळ्यात तो सगळ्यात आधी पडायला हवा होता.

"धाकटे, तू खिडकीत उभी राहून शिकवतेस का?"

"नाही. फळ्यापाशी."

"मग मला तुझा फळा दाखव."

शाळेच्या शिपायाने कुरकुरत वर्ग उघडून दिला. एका बाजूला खिडक्या, दुसरीकडे भिंत, मध्ये बुटकी बाकं. बुबुळताई तिसऱ्या बाकावर बसल्या. गुडघे हनुवटीला लागत होते.

"चष्मा काढ आणि शिकव."

"कुणाला?"

"मला. मी ढ आहे असं समज."

"समजायला कशाला हवं?" धाकटी पटकन म्हणाली, आणि अपघातानंतर पहिल्यांदाच बुबुळताईंना ती जुनी धाकटी दिसली. तिने चष्मा टेबलावर ठेवला. जरा वेळ ती फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. मग वळली, रिकाम्या बाकांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "वह्या काढा."

आवाज मोठा नव्हता. तरी बुबुळताईंचा हात बाकाखाली वही शोधायला गेला.

त्यांनी तिला खिडकीपाशी, फळ्यापाशी, मागच्या भिंतीपाशी उभं केलं आणि प्रत्येक ठिकाणी बाहुली मोजली. खिडकीत अडीच मिलिमीटर, फळ्यापाशी चार, मागे जवळपास पाच. "चार धरू," त्या म्हणाल्या, "पण कड कापल्यासारखी नको. बाहुली कुठं संपते आणि झालर कुठं सुरू होते, हे बघणाऱ्याला ठामपणे सांगता येता कामा नये. म्हणजे उजेड बदलला तरी डोळा निभावून नेईल."

बोलणं सोपं होतं. अशी विरघळती कड ओल्यावरच येते. ओला कागद, त्यावर ओला रंग, आणि दोन्हींचा नेमका क्षण. पाणी जास्त असलं तर काळा रंग धावत सुटतो आणि मधाचा पट्टा गिळतो. कमी असलं तर कड कडकडीत. कागदावरची चकाकी जाते पण ओल राहते, तो एवढासा वेळ सापडला पाहिजे. बुबुळताई पाणी लावून मोजू लागल्या. नऊला लवकर व्हायचं, तेराला उशीर. अकरा. तेही पंखा बंद असेल तर. यजमान घामाघूम होऊन पंख्याच्या बटणाकडे बघत बसले, पण हात लावायची त्यांची छाती झाली नाही.

सात चकत्या वाया गेल्या. प्रत्येक चकतीला सकाळचे दोन तास. ऐंशीच्या पुढचे आजोबा स्वतः जिना चढून नवा कागद देऊन गेले आणि जाताना म्हणाले, "आता सोडू नका हं." जणू कुणी सोडणार होतं.

आठव्या चकतीवर त्यांनी अकरा मोजले, काळा थेंब मध्ये टेकवला आणि हात मागे घेतला. काळा पसरला, झालरीच्या जरा आत गेला आणि थांबला. बुबुळताई श्वास रोखून बसल्या होत्या, त्याही सुटल्या. वाळल्यावर ओलसर कुंचल्याच्या टोकाने त्यांनी रंगाच्या बारीक रेषा उचलून घेतल्या, तिथून खालचा कागद किरणांसारखा उजळला. बाहेरच्या कडेला पाटीच्या रंगाचा एक शेवटचा हात दिला. आता थेंब टाकून बघायचं नव्हतं. उघड्या कागदावर ते बुबुळ फिकं, आजाऱ्यासारखं दिसत होतं. डॉक्टरांनी ते बघून "नक्की ना?" असं दोनदा विचारलं.

"बंद करा," बुबुळताई म्हणाल्या. एकदा बंद केलं की सुधारता येत नाही, आणि आता नवीन करायला दिवसही उरले नव्हते. पण पुठ्ठ्यावरच्या शहाण्णव चकत्यांवर त्यांचा भरवसा होता.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी डोळा बसवला. धाकटीने खिडकीत आरसा बघितला. मग आरसा घेऊन व्हरांड्यात गेली. मग जिन्याखाली, जिथं झाडू ठेवतात तिथं गेली. बराच वेळ आली नाही. आली ती म्हणाली, "ठीक आहे."

"ठीक आहे?"

"ठीक आहे ताई. जाते मी."

शाळेत जाणार की नाही, ते सांगितलं नाही. विचारायची बुबुळताईंना भीती वाटली. सहा आठवड्यांची मेहनत, आणि पदरात काय, तर ठीक आहे!

दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय असा निरोप वर्कशॉपला धाडून त्या बाल्कनीत उभ्या राहिल्या. साडेसातला धाकटी खाली उतरली. हातात पिशवी होती, आणि डोळ्यांवर काळा चष्मा. बुबुळताईंच्या पोटात खरोखरच दुखायला लागलं. ती कोपऱ्यावर वळली आणि दिसेनाशी झाली.

दुपारपर्यंत त्यांनी सगळ्या बशा घासल्या. घासलेल्या पुन्हा घासल्या.

साडेबाराला दार वाजलं. धाकटी आपल्या घरी न जाता थेट यांच्याकडे आली होती. चष्मा कुठंतरी पिशवीत होता. ती आत आली, खुर्चीत बसली, आणि आधी पाणी मागितलं.

"काय झालं? काही बोलली का पोरं?"

"ऐका तर. फाटकापाशी चष्मा काढला. वर्गात गेले, वह्या काढा म्हटलं, काढल्या. कुणी काही म्हणेना. मला वाटलं, अजून बघितलं नसेल नीट. तेवढ्यात उजवीकडे दारातून मुख्याध्यापिका बाई डोकावल्या. मी मान न वळवता नुसतं तिकडे बघितलं. तुम्हाला माहीत आहे ना, हा डावा अर्धाच हलतो. उजवा दारापर्यंत गेला, हा मध्येच राहिला. आणि मधल्या रांगेतून एक कार्टं उठून उभं राहिलं. रडवेलं. म्हणालं, बाई, चुकलो, मी नाही आता तिची पेन्सिल घेणार."

"म्हणजे?"

"म्हणजे काय ताई! मी त्याच्याकडे बघतच नव्हते. मला ठाऊकसुद्धा नव्हतं पेन्सिलीचं. तो तुमच्या डोळ्याला घाबरला!"

मग दोघी हसायला लागल्या, आणि हसता हसता धाकटी रडायला लागली. रडतच तिने अकरा वर्षांपूर्वीचं ते वाक्य काढलं आणि माफी मागितली. बुबुळताईंनी मागू दिली. झालं गेलं विसरून जा, असं त्या लगेच म्हणाल्या नाहीत. बरं वाटत होतं, ते जरा चालू दिलं. मग म्हणाल्या, "पूस तोंड. उद्या पुन्हा शाळा आहे."

धाकटी पुढं कितीतरी वेळ बोलत होती. कोण पोर नवीन आलंय, कोण अजून आईसाठी रडतंय, मुख्याध्यापिका बाई काय म्हणाल्या. बुबुळताई हुंकार देत होत्या, मध्येच प्रश्न विचारत होत्या. आणि ऐकता ऐकता त्यांच्या ध्यानात आलं, की आपण मघापासून तिच्या डाव्या डोळ्यात बघून बोलतोय.

हे त्यांनी तिला सांगितलं नाही. जावेला सगळंच सांगायचं नसतं.